भाषेत एम.ए., सर्टिफिकेट कोर्स की अप्रेंटिसशिप? मुंबईतली मुलं आणि पालक नेहमी विचारतात ते प्रश्न

दर रविवारी सकाळी परळच्या एका वाचनालयात मी दोन तास बसते. कुणी एकटं येतं, कुणी आईला घेऊन येतं. बहुतेकांना भाषेची आवड असते आणि तेवढीच पोटापाण्याची काळजी. मी स्वतः मराठीत एम.ए. केलं, काही वर्षं तासिका तत्त्वावर शिकवलं. आता भाषांतर आणि मुद्रितशोधन ही माझी रोजीरोटी आहे. तेच ते प्रश्न येतात म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवते आहे.

ताई, बी.ए. झालं. आता एम.ए. करू, एखादा कोर्स करू की अप्रेंटिसशिप घेऊ? सुरुवात कुठून करायची?

जाहिरातीपासून. तुम्हाला जे काम करावंसं वाटतं त्याच्या खऱ्या भरतीच्या जाहिराती शोधा, निदान पाच. त्यातला 'शैक्षणिक अर्हता' हा परिच्छेद पेन्सिल घेऊन वाचा. बहुतेक मुलं आधी प्रवेश घेतात आणि जाहिरात दोन वर्षांनी वाचतात. माझ्यासमोर रडलेली मुलं सगळी याच एका कारणाने रडली आहेत.

या तीन वाटा एकमेकींच्या जागी चालत नाहीत. पदवीमुळे तुम्ही अर्ज करायला पात्र ठरता. सर्टिफिकेट एखादं ठरावीक कौशल्य किंवा पातळी सिद्ध करतं. अप्रेंटिसशिपमध्ये कामावर हात बसतो. एकाच नोकरीला यांतल्या दोन गोष्टी लागतात असंही होतं. कर्मचारी निवड आयोगाच्या कनिष्ठ हिंदी अनुवादक पदाचं उदाहरण घ्या. तिथे सहसा हिंदी किंवा इंग्रजीत एम.ए. लागतं, पदवीला दुसरी भाषा शिकलेली असावी लागते आणि त्यावर भाषांतराचा मान्यताप्राप्त डिप्लोमा किंवा सर्टिफिकेट, नाहीतर सरकारी कार्यालयातला भाषांतराचा दोन वर्षांचा अनुभव लागतो. नुसतं एम.ए. करून थांबलेला इथे बाद, आणि नुसता डिप्लोमा केलेलाही बाद.

बँकांमधल्या राजभाषा अधिकारी पदाला हिंदीत एम.ए. आणि पदवीला इंग्रजी हा विषय लागतो. संस्कृतात एम.ए. असेल तर पदवीला इंग्रजी आणि हिंदी दोन्ही हवेत. म्हणजे बी.ए.ला निवडलेला विषय चार वर्षांनी आडवा येऊ शकतो. एफ.वाय.ला विषय निवडतानाच हे कुणीतरी सांगायला हवं.

मराठीत एम.ए. करून मिळतं तरी काय?

हा प्रश्न पालक विचारतात तेव्हा मुलं खाली बघतात. मला ते बघवत नाही. मिळतं ते सांगते आणि मिळत नाही तेही सांगते.

पहिलं अध्यापन. वरिष्ठ महाविद्यालयात सहायक प्राध्यापक व्हायचं तर एम.ए.ला किमान ५५ टक्के (राखीव प्रवर्गाला ५० टक्के) आणि नेट (राष्ट्रीय) किंवा सेट (राज्याची) ही पात्रता परीक्षा उत्तीर्ण असावं लागतं. महाराष्ट्राची सेट परीक्षा पुण्याचं सावित्रीबाई फुले विद्यापीठ घेतं. नेटमधून जेआरएफ (संशोधनासाठीची शिष्यवृत्ती) मिळाली तर संशोधनाच्या पहिल्या दोन वर्षांत महिना ३७,००० रुपये मिळतात. हा दर २०२३ पासूनचा. मराठी घेऊन जेआरएफ मिळवणारी मुलं आहेत. ती हुशार असतात हे खरंच, पण जुन्या प्रश्नपत्रिका दोन वर्षं सातत्याने सोडवलेल्या असतात हे जास्त खरं.

आता दुसरी बाजू. नेट-सेट झालेले असंख्य जण कायम जागेची वाट बघत तासिका तत्त्वावर शिकवतात. मीही शिकवलं. घेतलेल्या तासांचे पैसे मला वर्षअखेरीला, सगळी बिलं मंजूर झाल्यावर मिळाले. सुट्टीत काहीच नाही. वर्गात उभं राहण्याचा आनंद फार मोठा होता, आणि भाडं भरता येत नव्हतं हेही तितकंच खरं होतं. प्राध्यापक होण्यासाठी एम.ए. करणार असाल तर पाच-सात वर्षांची अनिश्चितता घरी आधी बोलून घ्या, आणि दुसरं एखादं कमाईचं काम पहिल्या वर्षापासून हाताशी ठेवा.

शाळेत परिस्थिती थोडी वेगळी आहे. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या मंडळांच्या शाळांत मराठी शिकवणं सक्तीचं झालं. मुंबईतल्या सीबीएसई आणि आयसीएसई शाळांनाही मराठीचे शिक्षक लागतात. तिथे एम.ए.पेक्षा बी.एड. आधी विचारतात, आणि बी.एड.ला पदवीनंतर दोन वर्षं लागतात. शाळेतच शिकवायचं नक्की असेल तर आधी बी.एड. करा, एम.ए. नोकरी करता करता होईल.

याशिवाय शासकीय भाषांतर, न्यायालयातले अनुवादक, प्रकाशन, वृत्तपत्रं, जाहिरात संस्था, डबिंग. यांतल्या सरकारी जागांना पदवी हवीच. खासगी कामात पदवी विचारतात, पण निर्णय समोर ठेवलेल्या नमुन्यावर होतो.

मराठीला अभिजात दर्जा मिळाला. आता नोकऱ्या वाढतील का?

३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने तो निर्णय घेतला तेव्हा मला भरून आलं होतं. विदर्भात रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठही उभं राहिलं आहे. संशोधन, हस्तलिखितं, कोशकार्य, अनुवाद यांना यातून बळ मिळू शकतं. पण या एका बातमीवर प्रवेशाचा निर्णय घेऊ नका. जागेची जाहिरात निघाली म्हणजेच जागा निघाली.

एम.ए. कलिन्याला जाऊन करू की दूरस्थ?

तुम्ही कुठे राहता आणि घरी पैशांची निकड किती, यावर हे ठरतं. मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलात मराठी, हिंदी, संस्कृत, उर्दू, जर्मन, फ्रेंच, रशियन, भाषाविज्ञान असे विभाग एकाच आवारात आहेत. मराठीचा विद्यार्थी सहज भाषाविज्ञानाच्या माणसाशी चहावर बोलू शकतो, ही गोष्ट घरी बसून मिळत नाही. पण कसाऱ्याहून किंवा विरारहून रोज सांताक्रूझ गाठायचं म्हणजे दिवसाचे कित्येक तास लोकलमध्ये जातात. नोकरी करत असाल तर विद्यापीठाचं दूरस्थ व ऑनलाइन शिक्षण केंद्र (जुनं नाव आयडॉल) किंवा नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ धरा. यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) मान्यता असलेल्या दूरस्थ पदवीला सरकारी भरतीत तेवढीच किंमत आहे. प्रवेश घेण्याआधी त्या अभ्यासक्रमाचं नाव मान्यतेच्या यादीत स्वतः तपासा.

नियमित एम.ए. करणाऱ्यांसाठी एक गोष्ट. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे पहिल्या वर्षात ४ श्रेयांकांचं ओजेटी, म्हणजे प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षण किंवा क्षेत्रप्रकल्प असतो. पुष्कळ मुलं तो ओळखीच्या कुणाच्या सहीवर उरकतात. तसं करू नका. प्रकाशकाकडे जा, संग्रहालयात जा, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या जुन्या संस्थेत जाऊन विचारा. दोन वर्षांत कामाच्या जागी पाय ठेवायची ही एकमेव अधिकृत संधी आहे.

जर्मन, फ्रेंच, जपानी शिकायची आहे. पदवी घेऊ की नुसत्या पातळ्या पूर्ण करू?

नोकरी कंपनीत करायची असेल तर पातळी. शिकवायचं किंवा संशोधन करायचं असेल तर पदवी, आणि पातळीही.

युरोपीय भाषांच्या पातळ्या ए१ पासून सी२ पर्यंत सहा आहेत. जर्मनसाठी काळाघोड्याचं मॅक्स म्युलर भवन आणि फ्रेंचसाठी न्यू मरीन लाइन्सची अलियाँस फ्रान्सेज इथे शिकायची आणि अधिकृत परीक्षेचीही सोय आहे. जपानीची जेएलपीटी ही परीक्षा एन५ पासून एन१ पर्यंत पाच पातळ्यांत असते, ती जुलै आणि डिसेंबरमध्ये होते आणि तिला मुंबई हे केंद्र आहे. एन५ सगळ्यात सोपी. विद्यापीठाच्या विभागांत अर्धवेळ सर्टिफिकेट आणि डिप्लोमाही चालतात. शिकवणं चांगलं असतं आणि फी परवडते. मात्र परदेशातली कंपनी किंवा दूतावास तो डिप्लोमा बघून तुमची पातळी ओळखत नाही. ती बी१, बी२, एन२ असंच विचारते. म्हणून शिका विद्यापीठात, हरकत नाही, पण परीक्षा अधिकृत पातळीची द्या.

ए२ किंवा एन५ वर थांबलेली कितीतरी मुलं मला भेटतात. छंद म्हणून छान आहे. कामासाठी ते अर्ध्यावर सोडलेलं बांधकाम. युरोपीय भाषेत बी२ आणि जपानीत एन३-एन२ पर्यंत जायची तयारी असेल तरच हे करिअर म्हणून धरा. नोकरी सांभाळत तिथवर पोचायला दोन ते तीन वर्षं जातात. 'चार महिन्यांत बी२' असा फलक दिसला तर पुढे चालू लागा.

प्रमाणपत्राच्या मुदतीचंही बघा. फ्रेंचचं डेल्फ आयुष्यभर चालतं. जर्मनच्या गोएथे (म्हणजे मॅक्स म्युलर भवनाच्या) प्रमाणपत्राला मुदत नाही, तरी मागणारी संस्था दोन वर्षांच्या आतलं हवं म्हणू शकते.

ऑनलाइन करिअर सर्टिफिकेटला काही किंमत आहे का?

काहींना आहे. मी तीन गोष्टी बघायला सांगते. एक, पाच जाहिरातींपैकी एकीत तरी त्या सर्टिफिकेटचं नाव आहे का. दोन, परीक्षा घेणारा शिकवणाऱ्यापेक्षा वेगळा आहे का. तीन, कोर्स संपल्यावर तुम्ही केलेलं एखादं काम दाखवण्यासारखं उरतं का. तिन्हींचं उत्तर 'नाही' असेल तर तो कागद भिंतीवरच राहील.

आपल्याकडची साधी सर्टिफिकेटं मुलं कमी लेखतात. शासनाची संगणक टंकलेखन परीक्षा, मराठी ३० शब्द प्रति मिनिट, इंग्रजी ४०, ही लिपिक-टंकलेखकाच्या भरतीत थेट लागते. एमएस-सीआयटी अनेक सरकारी पदांना लागतं. मराठी टायपिंग येणारा भाषांतरकार न येणाऱ्याच्या जवळजवळ दुप्पट काम उरकतो, हे मी रोज बघते. भाषेच्या प्रत्येक विद्यार्थ्याने एम.ए.च्या आधीच्या सुट्टीत हे उरकून टाकावं.

आणि सावध राहा. माझ्याकडे एक मुलगी आली होती. एका क्लासने 'शंभर टक्के प्लेसमेंट' सांगून वडिलांच्या नावावर कर्ज काढायला लावलं. कोर्स संपला, दोन मुलाखती झाल्या, दोन्ही कॉल सेंटरच्या. तिच्या वडिलांचे हप्ते पुढे दीड वर्ष चालू होते. फी कर्जाने भरा असं कोर्सवालाच सुचवत असेल तर सही करू नका. केंद्र सरकारच्या स्वयम् पोर्टलवर भाषाविज्ञान, भाषांतर, संपादन यांसारख्या विषयांवरचे अभ्यासक्रम फुकट शिकता येतात, फक्त परीक्षेची फी पडते. आधी तिथे एक करून बघा. आठ आठवडे टिकलात तरच पैशांच्या कोर्सचा विचार करा.

अप्रेंटिसशिप म्हणजे इंटर्नशिपच ना?

नाही, आणि हा फरक पैशांचा आहे. इंटर्नशिप म्हणजे दोघांच्या मर्जीचा मामला, फुकटही राबवून घेतात. अप्रेंटिसशिप १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली येते. लेखी करार होतो, तो सरकारी पोर्टलवर नोंदला जातो, आणि विद्यावेतन द्यावंच लागतं. २०१९ च्या नियमांनी ते शिक्षणाप्रमाणे किमान ५,००० ते ९,००० रुपये ठरवलं. पदवीधराला ९,०००. २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ परिषदेने ३६ टक्के वाढीची शिफारस केली, म्हणून करार करताना चालू आकडा पोर्टलवर बघून घ्या. ३० किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे. तेव्हा विचारायला जाताना संकोच कशाला?

कायद्याने तुम्ही शिकाऊ असता, कामगार नसता. नंतर नोकरी देण्याचं बंधन मालकावर नाही, करारात तसं लिहिलं असेल तरच. कामावर इजा झाली तर भरपाईचा हक्क मात्र आहे. हे दोन्ही घरी सांगून ठेवा.

पदवीधरांसाठी नॅट्स ही केंद्राची शिकाऊ प्रशिक्षण योजना आहे, मुदत सहसा वर्षभर, आणि पदवी मिळून पाच वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. २०१४ च्या दुरुस्तीनंतर बी.ए., बी.कॉम. झालेल्यांनाही हा दरवाजा उघडला, हे आजही पुष्कळांना माहीत नसतं. तिचं पश्चिम विभागाचं कार्यालय आपल्याच सायनला आहे. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना ही राज्याची वेगळी योजना, ती या कायद्यातली अप्रेंटिसशिप नव्हे. दोन्हींची गल्लत करू नका.

पण भाषा शिकलेल्याला अप्रेंटिस म्हणून घेतो कोण?

पहिलं उत्तर ऐकून सगळ्यांना नवल वाटतं. बँका घेतात. स्टेट बँकेच्या २०२३ च्या अप्रेंटिस भरतीत कुठल्याही शाखेचा पदवीधर चालत होता, वर्षभर महिना १५,००० रुपये होते, आणि स्थानिक भाषेची चाचणी होती. दहावी-बारावीला ती भाषा शिकलेली असेल तर चाचणीतून सूट. म्हणजे महाराष्ट्रातल्या जागेसाठी तुमचं मराठी तिथे कामाला येतं.

दुसरं उत्तर कायद्याच्या बाहेरचं आहे. मुंबईत भाषेची खरी उमेदवारी छापखान्यात, प्रकाशकाकडे, वृत्तपत्राच्या डेस्कवर आणि अंधेरीच्या डबिंग स्टुडिओत होते. त्यांच्यापैकी फार थोडे पोर्टलवर सापडतील. मला मुद्रितशोधन शिकवलं ते गिरगावातल्या एका साठीच्या गृहस्थांनी. पहिले दोन महिने ते मला फक्त एक गोष्ट करायला लावत, ओळ उलटीकडून वाचायची, शेवटच्या शब्दापासून पहिल्याकडे. अर्थ मधे आला नाही की डोळ्यांना ऱ्हस्व-दीर्घ दिसतं. एम.ए.च्या दोन वर्षांत मला हे कुणी शिकवलं नव्हतं, आणि आजचं माझं निम्मं उत्पन्न त्यावर आहे.

सबटायटलचंही तसंच. एका वेळी पडद्यावर दोन ओळी, ओळीत साधारण ४२ अक्षरं, आणि प्रेक्षकाला वाचायला पुरेल इतका वेळ. सासू सुनेला टोमणा मारते तो या मापात बसवायचा आणि टोमणाही राहिला पाहिजे. हे वर्गात ऐकून येत नाही. कुणाच्या तरी शेजारी बसून शंभर वेळा चुकावं लागतं.

अशी उमेदवारी करताना तीन गोष्टी लेखी घ्या, साध्या ई-मेलवर चालेल. किती महिने, महिन्याला किती रुपये, आणि केलेल्या कामाचा नमुना दाखवायची परवानगी. 'शिकायला मिळतंय ना' एवढ्यावर सहा महिने फुकट काम करू नका. प्रवासभाडंही न देणारा माणूस शिकवायलाही वेळ देत नाही, असा माझा अनुभव आहे.

मुलाला वाचनाची फार आवड आहे, पण घरात कमावणारं दुसरं कुणी नाही. बारावीनंतर काय करावं?

काकू, त्याला आधी हातात काम मिळू दे. आयटीआय करून किंवा थेट, माझगाव डॉकमध्ये आठवी, दहावी आणि आयटीआय अशा तिन्ही गटांतून शिकाऊ उमेदवार घेतात. नौदल गोदीची शिकाऊ शाळा आहे, रेल्वेच्या परळ-माटुंग्याच्या कार्यशाळा आहेत. रेल्वेत शिकाऊ प्रशिक्षण पुरं केलेल्यांना पहिल्या स्तरावरच्या भरतीत २० टक्के जागा राखीव असतात. बी.ए. मुक्त विद्यापीठातून सोबत होतं. त्याचं वाचन यात सुटत नाही. गिरणगावात पाळी करून कविता लिहिणारी माणसं होऊन गेली.

जर्मनीत किंवा जपानमध्ये जाऊन काम शिकायचं म्हणतात ते खरं आहे का?

खरं आहे, आणि भाषा व अप्रेंटिसशिप या दोन वाटा इथेच एकत्र येतात. जर्मनीतलं औसबिल्डुंग म्हणजे दोन ते साडेतीन वर्षांचं शिक्षण, काही दिवस व्यवसाय शाळेत आणि बाकीचे कंपनीत, पगारासह. २०२५ मध्ये सुरू होणाऱ्यांसाठी पहिल्या वर्षाचं कायदेशीर किमान विद्यावेतन महिना ६८२ युरो होतं. त्यात खोली, खाणं आणि विमा काटकसरीने भागवावा लागतो. व्हिसासाठी साधारण बी१ लागतं, शुश्रूषेला बऱ्याचदा बी२. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करारही केला आहे.

जपानसाठी 'विशिष्ट कुशल कामगार' हा मार्ग आहे. भारताशी त्याचा करार जानेवारी २०२१ मध्ये झाला. त्या कामाची कौशल्य परीक्षा आणि भाषेत एन४ किंवा तितक्याच पातळीची दुसरी मान्य परीक्षा लागते. वृद्धांची सेवा करायची असेल तर त्या क्षेत्राच्या भाषेची वेगळी परीक्षा.

एजंटला पैसे देण्याआधी त्याची परराष्ट्र मंत्रालयाकडची नोंदणी तपासा. आणि भाषा इथेच पक्की करून जा. तिथे गेल्यावर एकटेपणात भाषाच तुमचा आधार असते.

दोन गोष्टी एकदम करता येतील का?

यूजीसीने २०२२ पासून एकाच वेळी दोन पदव्यांना परवानगी दिली आहे. पण पूर्णवेळ अप्रेंटिसशिप आणि नियमित एम.ए. एकत्र बसत नाही, हजेरी दोन्हीकडे लागते. अप्रेंटिसशिपसोबत दूरस्थ एम.ए. जमतं. नियमित एम.ए.सोबत शनिवार-रविवारचा भाषावर्ग जमतो. तिन्ही एकदम करणारा कुणी मला अजून भेटला नाही.

आता यंत्रच भाषांतर करतं. मग या सगळ्यात कशाला पडायचं?

सोप्या मजकुराचं काम कमी झालं आहे. माझंही झालं. यंत्राने केलेलं तपासून द्या म्हणतात आणि दर शब्दाला कमी पैसे देतात. टिकलं आहे ते जबाबदारीचं काम. करारातला इंग्रजी 'शॅल' कुठे 'करील' होतो आणि कुठे 'करणे बंधनकारक राहील', यावर खटला उभा राहू शकतो, आणि खाली सही करणारा माणूसच लागतो. म्हणून भाषेसोबत एक विषय धरा. कायदा, औषधं, विमा, शेती, काहीही. भाषा अधिक विषय असणाऱ्यांचं काम माझ्या ओळखीत तरी थांबलेलं नाही.

माझं वय ३६, मुलं शाळेत जातात. उशीर झाला का?

एम.ए.ला वयाची अट नाही. नॅट्सची पाच वर्षांची खिडकी बंद झाली असेल, बँकांच्या अप्रेंटिस भरतीचंही वय २८ ला संपतं. तुमच्यासाठी टायपिंग, भाषांतराचा एक मान्यताप्राप्त डिप्लोमा आणि एखाद्या संपादकाकडे आठवड्याला दोन दिवस, हा क्रम बरा. इग्नूचा भाषांतराचा पदव्युत्तर डिप्लोमा घरून होतो. तुम्ही इतकी वर्षं बँक, दवाखाना, सोसायटी, शाळा या सगळ्यांची कागदपत्रं वाचली आहेत. बावीस वर्षांच्या मुलीला ती भाषा मला शिकवावी लागते, तुम्हाला लागणार नाही.

भेटायला येताना काय आणू?

दहावीपासूनच्या गुणपत्रिका. आवडलेल्या पाच जाहिराती, अर्हतेखाली पेन्सिलने रेघ मारलेल्या. घरचा महिन्याचा खर्च आणि किती महिने कमाईशिवाय निघतील, एका कागदावर. आणि स्वतः लिहिलेलं किंवा भाषांतर केलेलं एक पान, कसंही असो. मी सगळ्यात आधी ते पान वाचते.